ओसरीवरचं समुपदेशन

महाराष्ट्रातली सरकारी मनोरुग्णालयं कुठे आहेत, आठवून बघा. ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर. चारही इंग्रजी अमलात सुरू झालेली. मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता, त्यामुळे या यादीत मराठवाड्यातलं एकही गाव नाही. पुढे संयुक्त महाराष्ट्र झाला, १ मे १९८१ ला जालना हा वेगळा जिल्हा झाला, पण यादी तशीच राहिली. जालन्यात ३६५ खाटांचं प्रादेशिक मनोरुग्णालय उभारायला राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी मिळायला २०२२ साल उजाडलं.

पण इमारतीच्या आधी इथे दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं. दुष्काळ आणि शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये राज्य सरकारने मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' काढला. जालना त्यात होता. कल्पना साधी: गावातल्या आशाताईंनी घरोघर जाऊन ठरावीक प्रश्न विचारायचे (झोप लागते का, कशात मन लागतं का, जगणं नको वाटतं का), ज्याची काळजी वाटेल त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवायचं. फोनवर बोलायला १०४ ही हेल्पलाइन.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या ऑफिसातल्या एकाने विचारलं होतं, "आठवी-दहावी शिकलेली बाई डिप्रेशन ओळखणार? आपण तर तासाला दीड हजार मोजून एम.ए. झालेल्या काउन्सेलरकडे जातो." प्रश्न चुकीचा नाही. फक्त नवीन नाही. गेली निदान नव्वद वर्षं आपल्याकडे हा प्रश्न फिरतोय: दुसऱ्याला मदत करणं हे शिक्षण कोणाला द्यायचं, किती द्यायचं? आणि गंमत म्हणजे त्याची सगळ्यात चांगली उत्तरं आपल्याच राज्यात आणि शेजारी गोव्यात सापडतात.

सुरुवात मुंबईतली. १९३६ मध्ये नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे पहिले संचालक. आजची 'टिस' ती हीच. मदत करणं हा नुसता दानधर्म नसून शिकून करायचा व्यवसाय आहे, हे भारतात पहिल्यांदा तिथे ठरलं. पुढच्याच वर्षी संस्थेने मुलांसाठी चाइल्ड गायडन्स क्लिनिक उघडलं. मोठंच पाऊल होतं ते. पण नावातच 'ग्रॅज्युएट' होतं. पदवीधर मुलं येणार, दोन वर्षं शिकणार आणि बहुतेक करून शहरात राहणार. अंबड-घनसावंगीपर्यंत यातलं कोण पोचणार होतं?

या कोड्याचं उत्तर जालन्याहून फार लांब सापडलं नाही. अंबड, गेवराई, बीड करत गेलं की पुढे जामखेड लागतं. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या जोडप्याने तिथे काम सुरू केलं. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे, नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. त्यांनी आधी जे कोणीही केलं असतं तेच केलं: प्रशिक्षित नर्सेस गावात पाठवल्या. जमलं नाही. एकट्या तरुण नर्सला परक्या गावात राहणं अवघड, आणि गावाला ती परकी. मग कल्पना पुढे आली की गावातलीच एक बाई निवडा. अशा निवडलेल्या बऱ्याच बाया निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण पुढचा सगळा इतिहास या एका तपशिलावर फिरतो. या बायांचं प्रशिक्षण एकदा होऊन संपलं नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, वेगवेगळ्या जातींच्या बाया एकत्र जेवायच्या. गावात काय झालं ते सांगायच्या, अडलं तिथे विचारायच्या, नवं शिकून परत जायच्या. वर्षानुवर्षं. आणि औषधांच्या आधी त्यांना शिकवलं जायचं ते स्वतःची किंमत ओळखायला. ज्या बाईला आयुष्यभर 'तुला काय कळतंय' हेच ऐकवलं गेलं, तिचं गाव कसं ऐकेल?

परिणाम? त्या गावांत १९७१ मध्ये बालमृत्यूचं प्रमाण हजारी १७६ होतं, ते १९७६ मध्ये ५२ वर आल्याची नोंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ च्या आपल्या पुस्तकात जामखेडला जागा दिली. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा झाली, तेव्हा डोळ्यांसमोर ठेवलेल्या नमुन्यांत जामखेड होतं. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आमच्या धंद्यात एक वाक्य फार ऐकू येतं: "पायलट चाललंय ना, मग रोल-आउट करून टाका." सरकारनेही तेच केलं. २ ऑक्टोबर १९७७ पासून देशभर सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता योजना लागू झाली. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन, थोडीशी औषधांची पेटी. निवड गावाने करायची होती. प्रत्यक्षात बहुतेक पुरुष निवडले गेले, अनेक ठिकाणी गावपुढाऱ्यांच्या मर्जीतले. बाळंतिणीच्या खोलीत जो जाऊ शकत नाही, असा आरोग्य कार्यकर्ता! प्रशिक्षण एकदाच, मागे बघणारं कोणी नाही. योजनेची नावं बदलत गेली, जोर ओसरत गेला. जामखेडमधून 'साधी माणसं कमी खर्चात' एवढंच उचललं आणि आठवड्याची ती बैठक मागे राहिली.

गडचिरोलीत मात्र ती बैठक कोणीतरी लक्षात ठेवली होती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' सुरू केली. गावातल्या बायकांना, म्हणजे आरोग्यदूतांना, नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, अगदी जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्यापर्यंत. ३९ गावांत हा प्रयोग आणि तुलनेसाठी ४७ गावं. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांत तुलनेने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. आरोग्यदूतांच्या कामाची नियमित तपासणी व्हायची, हा त्या पद्धतीचाच भाग होता. १२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमायची ठरली आणि नवजात बाळाच्या घरभेटी पुढे आशांच्या कामात आल्या.

बरं, ही झाली शरीराची गोष्ट. मनाचं काय? जखम दिसते, ताप मोजता येतो. उदासी कशाने मोजणार?

मानसशास्त्रात हा वाद जुना आहे. १९६० मध्ये अमेरिकेत मार्गारेट रिओक यांनी आठ गृहिणींना दोन वर्षं मानसोपचाराचं प्रशिक्षण दिलं. मुलं मोठी झालेल्या, चाळिशीच्या आसपासच्या बायका. त्यांचं काम बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतलं आणि ते चांगलं निघालं. १९७९ मध्ये जोसेफ डर्लॅक यांनी असे ४२ अभ्यास एकत्र मांडले. निष्कर्ष: बिनपदवीच्या मदतनिसांचे परिणाम व्यावसायिकांइतके, कधी त्याहून बरे. साहजिकच खूप आरडाओरडा झाला, त्यातल्या अभ्यासांच्या दर्जावर टीका झाली, आणि ती सगळीच अनाठायी नव्हती.

पक्का पुरावा आला तो गोव्यातून. 'संगत' या संस्थेने किमान दहावी झालेल्या, मानसशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या लोकांना समुपदेशक म्हणून तयार केलं. तीन आठवडे वर्ग, नंतर सहा महिने उमेदवारी. मग १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर चाचणी. नेहमीच्या उपचारांबरोबर सहा ते आठ भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हा आकडा ३९ टक्के होता. ('लॅन्सेट', २०१७.) मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे समुपदेशक दर आठवड्याला एकत्र बसून एकमेकांच्या भेटींची रेकॉर्डिंग ऐकायचे आणि गुण द्यायचे. कोड रिव्ह्यूच की हो! आणि जामखेडची ती बैठकही.

त्याच सुमारास अमरावतीतल्या ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम चालला. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे कापसाच्या पट्ट्यातले लोक बोलत नाहीत, हे काही खरं नाही. विचारणारं माणूस जवळ असलं की बोलतात.

आता परत जालन्यात येऊ. माझं आजोळ अंबड तालुक्यातलं. मामीच्या गल्लीतल्या आशाताईंना मी एकदा विचारलं की ते मनाचे प्रश्न विचारायला किती वेळ लागतो. त्या म्हणाल्या, "प्रश्न पाच मिनिटांत होतात हो. उत्तर यायला तीन चकरा लागतात. घरात सासू बसलेली असली की सून म्हणते समदं चांगलंय. गडीमाणूस तर बोलतच नाही. मग मोसंबीचा विषय काढायचा, पाण्याचा काढायचा, मग हळूच." हे त्यांना कोणत्या मॉड्यूलमध्ये शिकवलं असेल, असं वाटत नाही. पण गोव्याच्या समुपदेशकांना सहा महिन्यांच्या उमेदवारीत जे शिकायचं होतं, ते साधारण हेच असणार.

फरक पुढे आहे. त्या तीन चकरांपैकी दोन कुठल्याच रजिस्टरात नसतात. आशांना केंद्राचा मोबदला कामागणिक मिळतो; फॉर्म भरला की काम झालं. एखाद्याने 'जगावंसं वाटत नाही' सांगितलं, तर ते ऐकून घरी गेलेल्या आशाताईंनी रात्री कोणाशी बोलायचं? आणि चिठ्ठी देऊन पुढे पाठवलेल्या माणसाला तिथे डॉक्टर भेटला का, हे त्यांना कोण सांगणार?

कोणी म्हणेल, जामखेडच्या बायांना तरी कुठे पगार होता? बरोबर. पण त्यांना कर्ज, शेळ्या, छोटे धंदे यांतून पायावर उभं केलं होतं, आणि त्यांच्यावर डझनभर योजनांच्या याद्या लादलेल्या नव्हत्या. फुकटची सेवा आणि वाऱ्यावर सोडलेली सेवा यांत फरक आहे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचत नव्हते. लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञ एकही पुरा भरत नव्हता. ही दरी नुसत्या पदवीधरांनी भरणार नाही, हे उघड आहे. ३६५ खाटा हव्यातच, तीव्र आजाराला दुसरा इलाज नाही. पण खाटेपर्यंत येणारी वाट ओसरीवरून सुरू होते. ओसरीवरच्या बाईला काय द्यावं लागतं, हे पन्नास वर्षांत चार ठिकाणी सिद्ध झालंय: दीर्घ प्रशिक्षण, दर आठवड्याला ऐकून घेणारं कोणीतरी, आणि तिच्या वेळेची किंमत. पहिल्यांदा यातलं काहीच न देता योजना काढली, तेव्हा काय झालं तेही माहीत आहे.

२०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात राज्यातल्या आशा संपावर होत्या. आपल्यापैकी बहुतेकांनी ती बातमी स्क्रोल करून पुढे ढकलली असेल. पुढच्या वेळी दिसली तर जरा थांबून मागण्या वाचा.

आणि हो, २०२२ पासून 'टेली-मानस' ही सरकारी मोफत सेवाही आहे: १४४१६. मराठीतही बोलता येतं. नंबर सेव्ह करून ठेवा, गावाकडेही पाठवा.