इंग्लंडमधील मुलींची ग्रामर स्कूल आणि गुणवत्तेचा प्रश्न

मी आठवीत गेले तेव्हा आमच्या शाळेत संस्कृतचा एक वर्ग आणि हिंदीचा एक वर्ग अशी विभागणी होत असे. गणितात आणि मराठीत मला चांगले गुण होते. तरीही वर्गशिक्षिकाबाईंनी मला न विचारताच माझे नाव हिंदीच्या यादीत घातले. "संस्कृत तुला झेपायचं नाही गं. घरी कोण घेणार आहे तुझा अभ्यास?" असे त्या म्हणाल्या. बोलण्यात राग नव्हता, मायाच होती. पण त्या यादीत वस्तीतल्या आम्हा तिघींची नावे एकाखाली एक लिहिलेली होती.

पुढे मी स्वतः शिक्षिका झाले. तीस वर्षे मुलींना इतिहास शिकवला. 'राखीव जागांमुळे गुणवत्ता ढासळली' हे वाक्य या काळात स्टाफरूममध्ये किती वेळा ऐकले याची मोजदाद नाही. बोलणारे अनेकदा इंग्लंडचा दाखला देत. तिकडे जात नाही, तिकडे निव्वळ बुद्धी पाहतात, असे सांगत. तेव्हा तो दाखला एकदा तपासून पाहावा असे मी ठरवले. मुलींच्या शाळेत आयुष्य गेले म्हणून तिकडच्या मुलींच्या ग्रामर स्कूलचाच इतिहास वाचायला घेतला.

ग्रामर स्कूल या नावातले 'ग्रामर' म्हणजे लॅटिनचे व्याकरण. मध्ययुगापासून चर्च, न्यायालय आणि विद्यापीठ यांची भाषा लॅटिन होती. ती शिकवण्यासाठी धनिकांनी जमिनी आणि देणग्या देऊन शाळा काढल्या, त्या बहुतेक मुलांसाठी. लॅटिन ज्याला येई त्याला सत्तेची दारे उघडत. आपल्याकडे संस्कृतने जे काम केले, त्याच जातीचे हे काम होते. फरक एवढाच की तिथे ऐकणाऱ्याच्या कानात शिसे ओतण्याची आज्ञा नव्हती. शाळेत जागाच नव्हती.

१८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा सुरू केली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८५० साली, लंडनमध्ये फ्रान्सिस मेरी बस या बाईंनी नॉर्थ लंडन कॉलेजिएट स्कूल काढले. मुलींच्या माध्यमिक शिक्षणाची इंग्लंडमधील चळवळ सांगताना या शाळेचे नाव आधी घेतले जाते. म्हणजे राज्यकर्त्यांच्या देशातही स्त्रीशिक्षण तेव्हा नुकतेच डोळे उघडत होते. पण दोन्ही शाळांची दिशा वेगळी होती. बसबाईंची शाळा फी देऊ शकणाऱ्या मध्यमवर्गाच्या मुलींसाठी होती. फुले दांपत्य मात्र लवकरच महार-मांगांच्या वस्तीकडे वळले आणि १८५५ साली त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजाच्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला.

१८६४ ते १८६८ या काळात टाँटन आयोगाने इंग्लंडमधील माध्यमिक शाळांची पाहणी केली. मुलींसाठी देणगीच्या शाळा जवळजवळ नाहीतच, हे या आयोगाने नोंदवले आणि त्यातून १८६९ च्या कायद्याने जुन्या देणग्यांचा काही वाटा मुलींकडे वळला. १८७२ साली मुलींच्या शाळा काढणारी एक कंपनीच उभी राहिली. हे श्रेय आयोगाला दिलेच पाहिजे. पण याच आयोगाने शाळांच्या तीन प्रती कल्पिल्या. पहिलीत अठरा वर्षांपर्यंत शिकायचे, दुसरीत सोळापर्यंत, तिसरीत चौदापर्यंत. कोणत्या मुलाने कोणत्या प्रतीत जायचे, हे बापाच्या धंद्यावरून आणि ऐपतीवरून ठरायचे होते. शेतमजूर आणि गिरणीकामगार या तीन पायऱ्यांच्याही खाली होते.

विसाव्या शतकात ही भाषा बदलली. १९०७ साली सरकारी अनुदान घेणाऱ्या माध्यमिक शाळांनी साधारण चौथाई जागा प्राथमिक शाळांतील मुलांना मोफत द्याव्यात असा नियम आला. १९४४ च्या शिक्षण कायद्याने सरकारी माध्यमिक शाळांतील फी रद्द झाली. आता बापाचा धंदा विचारायचा नव्हता. मग विभागणी कशावर करायची? १९४३ च्या नॉरवूड अहवालाने त्याचे उत्तर देऊन ठेवले होते. मुलांची मनेच तीन प्रकारची असतात, असे तो सांगतो. काहींना ज्ञानासाठी ज्ञान आवडते, काहींना यंत्र आणि उपयोजन जमते, तर काहींना कल्पनांपेक्षा हाताशी असलेल्या वस्तू बऱ्या समजतात. पहिल्यांना ग्रामर स्कूल, दुसऱ्यांना टेक्निकल, तिसऱ्यांना सेकंडरी मॉडर्न.

आपल्या वाचकाला हे कुठेतरी ऐकल्यासारखे वाटेल. गुणकर्मावरून वर्ण ठरतो, जन्मावरून नाही, असे चातुर्वर्ण्याचे समर्थक आजही सांगतात. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये १९३६ सालीच या गुणकर्माचा समाचार घेतला होता. माणसांचे मोजके कप्पे पाडून प्रत्येकाला एकात बसवता येते, हे गृहीतच त्यांनी नाकारले. नॉरवूडचे तीन कप्पे त्यानंतर सात वर्षांनी आले.

कप्पे ठरवण्यासाठी अकराव्या वर्षाच्या सुमारास परीक्षा होई. तिला 'इलेव्हन प्लस' म्हणत. इंग्रजी, गणित आणि बुद्धिमापनाच्या उत्तरपत्रिकांवर मुलाचे पुढचे आयुष्य ठरे. देशात साधारण पाचातले एक मूल ग्रामर स्कूलमध्ये जाई, उरलेली बहुतेक मॉडर्नमध्ये.

आत गेलेल्या मुलीचे जग कसे होते? वर मुख्याध्यापिका, बहुधा अविवाहित. लग्न झालेल्या शिक्षिकेला नोकरी सोडायला लावण्याची प्रथा १९४४ च्या कायद्यानेच संपवली आणि पुरुषांइतका पगार शिक्षिकांना १९६१ साली पूर्णपणे मिळाला. पण या बायका स्वतःच्या कमाईवर जगत, गणित आणि इतिहास अधिकाराने शिकवत. मुलींनी अशी स्त्री समोर पाहणे ही लहान गोष्ट नव्हती. सकाळी सगळी शाळा सभागृहात प्रार्थनेला जमे. मुली 'हाउस' नावाच्या गटांत वाटलेल्या असत. वरच्या वर्गातल्या निवडक मुली प्रीफेक्ट होत. त्या शिस्त पाहत, रस्त्यात टोपी काढलेल्या मुलीचे नाव टिपून घेत. गणवेश ठरलेल्या दुकानातूनच घ्यावा लागे. ब्लेझर, टोपी, शाळेत घालायचे बूट वेगळे, बाहेरचे वेगळे, हॉकीचा पोशाख वेगळा. फी माफ होती, पण या यादीचा खर्च मजूर बापाच्या कमरेवर बसे.

आणि कप्पे आतही होतेच. पुष्कळ शाळांत मुलींच्या तुकड्या हुशारीप्रमाणे पाडत. वरच्या तुकडीला लॅटिन, खालच्या तुकडीला स्वयंपाक आणि शिवण. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला प्रवेशासाठी १९६० च्या सुमारापर्यंत लॅटिन लागे. म्हणजे बाराव्या-तेराव्या वर्षी जिच्या हाती लॅटिनऐवजी कणीक आली तिचे ते दार तिथेच लागले. हे वाचताना मला माझी आठवीची यादी आठवली. बाबासाहेबांनाही शाळेत संस्कृत मिळाले नाही, फारसी घ्यावी लागली. संस्कृतच्या प्राध्यापिका झालेल्या कुमुद पावडे यांनी 'अंतःस्फोटा'त त्या दाराशी झालेली झुंज लिहून ठेवली आहे.

कामगाराच्या घरातून आलेली मुलगी पुष्कळदा शेवटपर्यंत टिकत नसे. शाळा सोडण्याचे वय १९४७ पासून पंधरा होते. घरी एकच उबदार खोली, तिथेच सगळे घर आणि तिथेच गृहपाठ. बरोबरच्या मैत्रिणी गिरणीत किंवा दुकानात पगार घेऊ लागलेल्या. १९५४ च्या एका सरकारी अहवालाने दाखवून दिले की परीक्षा पास होऊन आत आलेली मुलेही बापाच्या धंद्याप्रमाणे मागे पडत होती आणि लवकर गळत होती. बुद्धी तीच, पण घर वेगळे.

आता मुख्य मुद्दा. अकराव्या वर्षाच्या या परीक्षेत मुली मुलांपेक्षा सरस ठरत. निव्वळ बुद्धी पाहायची तर ग्रामर स्कूलमध्ये मुली जास्त असायला हव्या होत्या. पण अनेक ठिकाणी मुलींसाठी पास होण्याची रेषाच वर ठेवली गेली. मुली लवकर वयात येतात, मुलगे मागाहून गाठतात, असे कारण दिले गेले. जिथे मुलग्यांच्या शाळा जास्त आणि मुलींच्या कमी होत्या तिथे तर हिशेब करण्याचीही गरज नव्हती. जागा संपल्या की गुणवत्ता संपली. १९८८ साली उत्तर आयर्लंडच्या न्यायालयाने मुलामुलींच्या गुणांचा असा वेगळा हिशेब बेकायदा ठरवला. १९८९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने बर्मिंगहॅम शहरात मुलींना ग्रामर स्कूलच्या जागा कमी असणे हा लिंगभेद आहे असा निकाल दिला.

याचा सरळ अर्थ असा की इंग्लंडमध्ये राखीव जागा होत्या. त्या मुलग्यांसाठी होत्या आणि त्यांना राखीव जागा म्हणत नसत, गुणवत्ता म्हणत. आपल्याकडे राखीव जागा घटनेत लिहिलेल्या आहेत, त्यांची कारणे लिहिलेली आहेत, त्यांचा हिशेब विचारता येतो. तिकडच्या राखीव जागांचा हिशेब विचारायला मुलींना न्यायालयात जावे लागले.

'मेरिटॉक्रसी' हा शब्द ज्यांच्या पुस्तकामुळे जगभर गेला त्या मायकेल यंग यांनी १९५८ साली ते पुस्तक उपहास म्हणून लिहिले होते. लोकांनी शब्द उचलला आणि उपहास विसरले, याची तक्रार त्यांनी २००१ साली केली. आपल्या स्टाफरूमपर्यंत तो शब्द तसाच, उपहास गळून, पोचला आहे.

१९६५ साली तिथल्या सरकारने परिपत्रक काढून सर्वांसाठी एकच माध्यमिक शाळा आणण्याचे आवाहन केले. बहुतेक ग्रामर स्कूल त्यात विलीन झाली. इंग्लंडमध्ये आज १६३ उरली आहेत आणि त्यांच्या प्रवेशासाठी खाजगी शिकवण्यांची धडपड चालते.

या शाळा वाईट होत्या असे मला म्हणायचे नाही. कामगारांच्या कित्येक मुली त्यांतून डॉक्टर, शिक्षिका, लेखिका झाल्या. पण जॅक्सन आणि मार्सडेन या दोघा शिक्षकांनी १९६२ साली हडर्सफील्डमधील अशा ८८ कामगार मुलामुलींचा अभ्यास छापला. त्यांतली बरीच जणे आपल्या मोहल्ल्यापासून तुटली होती आणि ज्या व्यवस्थेने आपल्याला निवडले तिचेच समर्थन करू लागली होती. आपल्या शिकलेल्या माणसांबद्दल बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्यात जी खंत बोलून दाखवली ती याहून फार वेगळी नव्हती. एकेकाला वर काढणारे दार बाकीच्यांना खालीच ठेवते आणि वर गेलेल्याला त्याचा विसर पडतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी आधी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे पाहा असे बजावले, त्याचे मर्म हेच आहे.

मी आठवीची वर्गशिक्षिका झाले त्या वर्षी यादी करण्याआधी प्रत्येक मुलीला विचारले. वस्तीतल्या पाच जणींनी संस्कृत मागितले. शाळा सुटल्यावर त्यांच्यासाठी मी एक तास थांबत असे, कारण घरी कोण घेणार हा प्रश्न खरा होता. खोटे होते ते त्याचे उत्तर. चौघी पास झाल्या, एक नापास झाली. संस्कृतच्या वर्गातल्या इतर घरांतल्याही तिघी त्या वर्षी नापास झाल्या होत्या, पण स्टाफरूममध्ये चर्चा आमच्या एकीचीच झाली. माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींनी आपल्या शाळेतल्या याद्या एकदा काढून पाहाव्यात. कोणाची नावे एकाखाली एक येतात ते वाचावे, आणि ती कोणी लिहिली ते विचारावे.