आवर्ती आज्ञावली आणि चळतीचे यंत्र

गणितातील सिद्धान्त आणि त्याचा उपयोग यांमध्ये कित्येकदा एका पिढीचे अंतर पडते. स्वतःलाच पुनःपुन्हा बोलावणाऱ्या, म्हणजे आवर्ती, संगणक-आज्ञावलींच्या पडताळणीचा इतिहास हे त्याचे बोलके उदाहरण होय. हा विलंब का झाला, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. शिरूरहून कामानिमित्त दौंडला आलेला गृहस्थ काम आटोपल्यावर शिरूरलाच परततो. पुण्याहून आलेला पुण्यास. परंतु केवळ नकाशा पाहणाऱ्यास दौंडहून दोन्ही रस्ते सारखेच खुले दिसतात. परिमित अवस्थांचे स्वयंचल यंत्र हा असाच नकाशा आहे. त्याच्या आधारे आज्ञावली तपासल्यास कधीही न घडणारे मार्ग दोषी ठरतात. दौंडच्या कामातून दुसरे, त्यातून तिसरे काम निघू लागले, तर परतीच्या ठिकाणांची यादी कितीही लांबू शकते. शेवटी नोंदलेले ठिकाण प्रथम खोडावयाचे, हा चळतीचा नियम होय. म्हणून आवर्ती आज्ञावलीचे योग्य प्रतिमान म्हणजे चळत बाळगणारे यंत्र. त्याच्या संभाव्य स्थिती मात्र अनंत असतात.

या अनंताला आवर घालणारा सिद्धान्त रिचर्ड ब्यूखी यांनी १९६४ मध्येच मांडला होता. असे यंत्र ज्या ज्या स्थितींना पोहोचू शकते, त्यांचा समुच्चय परिमित यंत्राने ओळखता येतो, हे त्याचे सार. परंतु पुढे फ्लॉइड (१९६७) आणि होर (१९६९) यांनी आज्ञावलींच्या अचूकतेसाठी जी पद्धती घालून दिली, ती तार्किक सिद्धतेची होती. यंत्राने सर्व स्थिती धुंडाळाव्यात, ही कल्पनाच रूढ नव्हती. मॉडेल चेकिंग या नावाने ती १९८१-८२ च्या सुमारास अमेरिकेत क्लार्क व एमर्सन, आणि फ्रान्समध्ये केय व सिफाकिस यांनी स्वतंत्रपणे मांडली. तीही प्रारंभी परिमित स्थितींपुरतीच होती. १९९७ मध्ये बुअज्जानी, एस्पार्झा आणि मालेर यांनी तिची चळतीच्या यंत्राशी सांगड घातली, तेव्हा ब्यूखींचा सिद्धान्त प्रत्यक्ष तपासणीचे साधन झाला.

यापुढील वाटचालीत पुण्यात जन्मलेल्या राजीव अलूर यांचा वाटा मोठा आहे. २००१ मध्ये एतेसामी व यानाकाकिस यांच्यासह त्यांनी आवर्ती अवस्थायंत्रांचे विश्लेषण केले. तरीही एक अडचण उरली होती. आज्ञावली आणि तिच्याविषयीची अपेक्षा या दोहोंनाही चळत लागली, तर अपेक्षा पाळली जाते की नाही, हे सर्वसाधारणपणे ठरविताच येत नाही. २००४ मध्ये अलूर व पी. मधुसूदन यांनी मार्ग काढला : चळतीवर केव्हा ठेवावे आणि केव्हा काढावे, हे यंत्राने नव्हे, तर वाचलेल्या चिन्हानेच ठरवावे. बोलावणे व परतणे आज्ञावलीत उघड दिसतच असते. त्यामुळे दोन्ही चळती एकाच वेळी वाढतात, एकाच वेळी घटतात, आणि प्रश्न निर्णेय होतो.

मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. समांतर चालणाऱ्या दोन आवर्ती प्रवाहांच्या दोन चळती परस्परांशी स्वतंत्रपणे हलतात, आणि दोन चळतींचे यंत्र ट्यूरिंगच्या यंत्राइतकेच समर्थ असते. तेथे पूर्ण निर्णय अशक्य ठरतो. म्हणून २००५ मध्ये कादीर व रेहोफ यांनी प्रवाहांची अदलाबदल ठराविक वेळांपुरती मर्यादित ठेवून तपासणी शक्य केली.

तात्पर्य, १९६४ चा सिद्धान्त उपेक्षेमुळे पडून राहिला, असे म्हणणे न्याय्य ठरणार नाही. उत्तर तयार होते. प्रश्न विचारला जाण्यास तेहतीस वर्षे लागली.