लाकडी हाडांची मोटार

दुसरे महायुद्ध संपले त्याच वर्षी, १९४५ साली, इंग्लंडातील ॲबिंग्डन गावच्या एम. जी. कारखान्यातून 'टी. सी.' ही चिमुकली स्पोर्ट्‌स मोटार बाहेर पडली. इंजिन अवघे १२५० सी. सी.चे, जागा दोघांपुरती. १९४९ पर्यंत अशा सुमारे १०,००० गाड्या झाल्या. सुकाणू उजवीकडे असूनही अमेरिकनांनी त्यांतल्या सुमारे २,००० हौसेने नेल्या.

आज ही गाडी घेणारा नवखा रंगावर भाळतो. जाणता मात्र आधी दार हलवून पाहतो. कारण, वाचकहो, पत्र्याच्या आत सांगाडा आहे ॲश झाडाच्या लाकडाचा! आपल्या वाड्यांच्या तुळयांप्रमाणे पाणी मुरले की तो कुजतो आणि दारे लोंबू लागतात. चाकांच्या तारा एकेक टिचकी मारून ऐकाव्या लागतात. घट्ट तार खणखणते, ढिली बद्द वाजते. सांध्यासांध्याला वंगण हवे ते निराळेच.

इतके केल्यावर एखाद्या सकाळी पुढची काच आडवी पाडून, वारा अंगावर घेत निघावे. हातांना तेलाचा वास असतोच. पण त्याविना ही सहल घडती ना.

ॲबिंग्डनचा कारखाना १९८० साली बंद पडला. टी. सी. अजून धावतात, त्या अशाच तेलकट हातांच्या भरवशावर.