लेझरचा शेक

पनवेलच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात यंत्र कुठलंही असो, पेशंटच्या तोंडी शब्द एकच: शेक. लाईटचा शेक, करंटचा शेक, आता लेझरचा शेक. पण जखम भरण्यासाठी वापरतात तो कमी शक्तीचा लेझर कातडीला धड ऊबही देत नाही. मग तो शेक कसा?

उत्तर शब्दाच्या कुळातच आहे. शेक म्हणजे संस्कृतातला ‘सेक’. धातू सिच्, म्हणजे ओतणं, शिंपणं. अभिषेक आणि सिंचन याच घरातले. सुश्रुतसंहितेत व्रणावरचे साठ उपक्रम दिले आहेत. त्यात परिषेक तिसरा आणि स्वेद पाचवा. धार वेगळी, घाम काढणारी ऊब वेगळी. वाताच्या सुजेवर धार कोमट, पण पित्ताच्या सुजेवर दूध, तूप किंवा साखरपाणी, तेही गरम न करता. शेकाला उष्णता मुळात लागतच नव्हती.

यावर कुणी म्हणेल, शेक ‘स्वेदा’वरून आला असेल, कारण अर्थ तिथे नेमका जुळतो. अर्थ जुळतो, पण क कुठून आणायचा? ‘सेक’वाल्यांचीही वाट सरळ नाही. दोन स्वरांमधला एकटा क प्राकृतात गळतो, म्हणजे ‘सेक’चं ‘सेअ’ व्हायला हवं होतं. यावर एक तोडगा असा दिसतो: शब्द वैद्यांच्या पोथीतून पुन्हा बोलीत उतरला, म्हणून क टिकला, आणि मराठी जिभेने इ-ए आधीच्या स चा श केला. सिंदूरचा शेंदूर, सीमेची शीव, सेवंतीची शेवंती झाली तसाच. सिच् पासूनच्या ‘शिंपणं’मधला श ही असाच आला.

धारेत निखारा शिरला तो बहुधा बाळंतिणीच्या खोलीत. अंगाला तेल, वरून कढत पाण्याची धार, मग खाटेखाली शेगडी. तिन्ही उपचार एकाच सकाळी होत आणि तिन्हींना मिळून एकच नाव पडलं: शेक-शेगडी. पुढे शेकोटीपर्यंत पोहोचताना पाणी पार आटलं.

आता करंटच्या शेकाची, म्हणजे विजेची, हकिकत थोडक्यात. एमिल दु ब्वा-रेमाँ या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1843 मध्ये स्वतःच्या बोटाच्या जखमेतून वाहणारी वीज मोजली. शरीर स्वतःच जखमेला करंट देतं, या निरीक्षणावर आजची जखमांची विद्युत-चिकित्सा उभी आहे.

लेझरच्या उपचाराचा शोध मात्र चुकून लागला. 1960 मध्ये थिओडोर मेमनने पहिला रूबी लेझर चालवला. 1967 मध्ये बुडापेस्टच्या डॉक्टर एंद्रे मेस्टर यांनी लेझरने कर्करोग होतो का, हे पाहायला उंदरांच्या पाठीचे केस काढून त्यावर तो टाकला. लेझर त्यांच्या समजुतीपेक्षा बराच क्षीण होता. कर्करोग झाला नाही. उलट केस लवकर उगवले. मग त्यांनी तो न भरणाऱ्या व्रणांवर वापरला. आज याचं कारण पेशींच्या मायटोकाँड्रियात शोधतात: लाल आणि अवरक्त प्रकाश तिथलं एक विकर शोषतं, असं मानतात. मात्रेचं गणित नाजूक आहे. थोडा प्रकाश पेशींना चालना देतो, फार झाला तर त्यांना रोखतो. जखमांबाबत पुरावा लेझरपेक्षा करंटचा अधिक भक्कम आहे, हेही सांगायला हवं.

आणि हे सारं पनवेलला फार शोभतं. 1872 पासून धूतपापेश्वर कंपनीची आयुर्वेदिक औषधं याच गावची, आणि जवळच्या नेऱ्याला कुष्ठरुग्णांसाठीचं शांतिवन. कुष्ठरोगात पायाची संवेदना जाऊ शकते, मग तळव्याला व्रण पडतो आणि गरम शेकाचा चटका रुग्णाला कळतही नाही. मधुमेहाच्या बधिर पायाचंही तेच. अशा पायाला शेक हवाच तर तो सुश्रुताच्या जुन्या अर्थाचा, ऊब नसलेला.

तेव्हा घरात कुणाचे पाय बधिर असतील, तर ‘शेक द्या’ असं कुणीही म्हटलं तरी गरम पाण्याची पिशवी लावू नका. आधी डॉक्टरांना विचारा, शेक कशाचा?