मॅकमास्टरची काच

शेळीच्या ताज्या लेंड्या दोन ग्रॅम मोजायच्या, खलात कुटायच्या, मिठाच्या पाण्यात कालवून चहाच्या गाळणीतून गाळायच्या आणि ते पाणी ड्रॉपरने एका जाड काचेच्या फटीत सोडायचं. पशुवैद्यकाच्या टेबलावरच्या या काचेचं नाव मॅकमास्टर. कुणाला वाटेल, शास्त्रज्ञाचं नाव. पण फ्रेडरिक मॅकमास्टर हे ऑस्ट्रेलियातले मेरिनो मेंढ्यांचे बडे मालक. त्यांच्या देणगीतून १९३१ साली सिडनी विद्यापीठाच्या आवारात पशुआरोग्याची प्रयोगशाळा उभी राहिली. काच घडवली तिथल्या गॉर्डन आणि व्हिटलॉक यांनी, १९३९ मध्ये जगापुढे मांडलीही त्यांनीच. नाव मात्र देणगीदाराचं लागलं. आपल्याकडच्या धर्मशाळांवरही गवंड्याचं नाव कुठे असतं?

जंतांची अंडी मोजायची कल्पना आणखी जुनी. अमेरिकेच्या नॉर्मन स्टोल यांनी १९२३ मध्ये माणसाच्या पोटातल्या हुकवर्मसाठी ती वापरली. तीन ग्रॅम विष्ठा कालवून ४५ मिलिलिटर करायची, त्यातला ०.१५ मिलिलिटर काचेवर घेऊन अंडी मोजायची आणि आकड्याला १०० ने गुणायचं. हिशेब चोख होता. पण मेंढीची लेंडी म्हणजे नुसता चोथा, त्यात अंडं शोधायचं म्हणजे भुशातली मोहरी वेचायची.

मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलेल्या पाण्यात कोंबडीचं अंडं तरंगतं, तसंच जंताचंही. हे आधीपासून ठाऊक होतं. सिडनीकरांची करामत पुढची. दोन काचांमध्ये दीड मिलिमीटरची पोकळी ठेवायची आणि वरच्या काचेच्या पोटाला एकेक सेंटिमीटरचे दोन चौकोन आखायचे. एकेका चौकोनाखाली मावतं नेमकं ०.१५ मिलिलिटर, स्टोल यांचंच माप! चोथा बुडतो, अंडी वर येऊन काचेला टेकतात, रेघाही तिथेच. सूक्ष्मदर्शकात दोन्ही एकदम स्पष्ट दिसतात. हवेचे बुडबुडेही तिथेच जमतात आणि नवशिका त्या काळ्या कडांच्या गोलांनाच अंडी समजून खूश होतो. दोन ग्रॅम लेंडीचं ६० मिलिलिटर केलं, की दोन चौकोनांतल्या अंड्यांची बेरीज गुणिले १००. ग्रॅममागे अंडी हाती.

यकृतातल्या चपट्या जंतांची अंडी जड, ती या पाण्यात वर येतच नाहीत. हिमॉन्कसची गंमत वेगळी. हा जठरातला जंत अंडी घालायच्या आधीपासूनच रक्त पितो. त्यामुळे काचेवर शून्य आणि मेंढी मात्र पांढरीफटक, असंही होतं. अशा वेळी डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा लागतो. दक्षिण आफ्रिकेत त्यासाठी लालपासून पांढऱ्यापर्यंत पाच रंगांचा तक्ता निघाला, फामाचा. फाफा मलान या पशुवैद्याच्या नावातली आद्याक्षरं आणि ‘चार्ट’चं ‘चा’. इथे नाव करणाऱ्यालाच मिळालं, तेही टोपणनाव.