तडा गेलेला सिलिकॉन : ट्रान्झिस्टर नेमका कोणाचा?

मराठी घरांत एके काळी 'ट्रान्झिस्टर' म्हणजे रेडिओ. खांद्याला अडकवून शेतावर नेता येणारा, क्रिकेटचे समालोचन ऐकवणारा, घरच्या विजेवाचून चालणारा डबा. वास्तविक हे नाव त्या डब्याच्या आत बसवलेल्या, तीन पायांच्या, वाटाण्याएवढ्या सुट्या भागाचे. ते पुढे अख्ख्या यंत्राला चिकटले. हा धागा त्या तीन पायांच्या भागाचा आणि त्याच्या जनकत्वाच्या वादाचा.

जगदीशचंद्र बोस यांची जयंती ३० नोव्हेंबरला असते, आणि त्या सुमारास हा वाद समाजमाध्यमांवर हमखास उगवतो. एक पक्ष म्हणतो, ट्रान्झिस्टर १९४७ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधील तीन अमेरिकनांनी शोधला. दुसरा म्हणतो, हे सारे बोसांनी कलकत्त्यात कधीच करून ठेवले होते. दोन्ही विधानांत तथ्य आहे, आणि दोन्ही अपुरी आहेत. ती कोठे अपुरी पडतात हे पाहण्यासाठी एका काळसर, चकाकत्या खड्यापासून सुरुवात करावी लागते.

तो खडा म्हणजे गॅलेना, शिशाचे एक खनिज. १८७४ मध्ये फर्डिनांड ब्राउन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने अशा गंधकयुक्त खनिजांवर धातूचे टोक टेकवून वीज सोडली, तेव्हा त्याला एक विपरीत गोष्ट दिसली. वीज एका दिशेने सहज जात होती, उलट्या दिशेने अडत होती. तांब्याची तार असा भेदभाव करत नाही. ब्राउनला कारण सांगता आले नाही, आणि त्या काळी या गुणाचा उपयोगही कोणाला नव्हता.

उपयोग निघाला तो बिनतारी लहरींमुळे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात बोस १८९४ पासून अत्यंत आखूड विद्युत्चुंबकीय लहरींवर प्रयोग करत होते. लहर आली आहे हे ओळखायचे कशाने, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. अनेक पदार्थ तपासल्यावर त्यांनी गॅलेनाचा शोधक तयार केला. सारा बुल या अमेरिकन स्नेही स्त्रीच्या पुढाकाराने १९०१ मध्ये त्याच्या अमेरिकी पेटंटसाठी अर्ज गेला आणि २९ मार्च १९०४ रोजी पेटंट मिळाले. बोसांना स्वतःला शोधावर मालकी सांगणे रुचत नसे.

खड्याचे काम थोडक्यात असे. रेडिओची लहर सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट होते. कानाला लावलेल्या श्रवणयंत्राचा पडदा तिच्यामागे धावू शकत नाही, आणि पुढच्या-मागच्या ढकलण्यांची बेरीज शून्य होते. खड्याने लहरीचा एक अर्धा भाग कापून टाकला की ढकलणे एकाच दिशेचे उरते, आणि त्याच्या कमी-जास्त होण्यातून आवाज ऐकू येतो. आज ज्याला डायोड म्हणतात त्याचे हेच काम. १९०६ मध्ये अमेरिकेत ग्रीनलीफ पिकार्ड यांनी सिलिकॉनच्या शोधकाचे पेटंट घेतले, आणि पुढची काही वर्षे हौशी मंडळी खड्यावर बारीक तार टोचत 'चांगली जागा' शोधत बसली. एका ठिकाणी आवाज येई, केसभर बाजूला टोचले की थांबे. अशा लहरी वस्तूवर उद्योग उभा राहत नाही. काचेच्या निर्वात नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, आल्या आणि खडा अडगळीत गेला.

अपवाद एका रशियन तंत्रज्ञाचा. ओलेग लोसेव्ह निझ्नी नोव्हगोरोदच्या रेडिओ प्रयोगशाळेत काम करत होता. १९२२ मध्ये त्याने झिंकाइटच्या खड्याकडून लहरी केवळ ओळखूनच नव्हे, तर निर्माण करून आणि वाढवूनही दाखवल्या. सिलिकॉन कार्बाइडच्या खड्यातून वीज जाताना निघणारा मंद प्रकाशही त्याने चिकाटीने अभ्यासला. हा आजच्या एलईडीचा पूर्वज. १९४२ च्या जानेवारीत, लेनिनग्राडच्या वेढ्यात, लोसेव्ह उपासमारीने मरण पावला. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. जनकत्वाच्या वादात त्याचे नाव सहसा कोणी घेत नाही, कारण त्याच्या बाजूने भांडणारा पक्षच उरला नाही.

खडा अडगळीतून बाहेर आला तो युद्धामुळे. रडारला लागणाऱ्या अतिशय आखूड लहरींपुढे व्हॉल्व्ह मंद ठरत होते. तेथे सिलिकॉनचा खडाच हवा होता. पण त्याआधीच, न्यू जर्सीतील होल्मडेल येथे बेल लॅबोरेटरीजचे रसेल ओल सिलिकॉन शुद्ध करण्याच्या मागे लागले होते. खडा लहरी वागतो तो अशुद्धीमुळे, असे त्यांचे मत होते. २३ फेब्रुवारी १९४० रोजी त्यांच्या हाती मधोमध तडा गेलेला सिलिकॉनचा एक तुकडा आला. त्याच्यावर दिव्याचा प्रकाश पडला की विजेचा दाब जवळजवळ अर्धा व्होल्ट वाढे, प्रकाश अडवला की उतरे. पुढच्या महिन्यात वॉल्टर ब्रॅटन यांना हा प्रकार दाखवण्यात आला, तेव्हा प्रथम त्यांचा विश्वास बसेना.

त्या तुकड्यात काय होते? येथे जरा थांबणे आवश्यक आहे, कारण पुढचा सारा इतिहास या तुकड्यात आहे.

सिलिकॉनच्या अणूला बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात आणि ते चार शेजाऱ्यांशी बांधलेले असतात. मोकळा कोणी नाही, म्हणून शुद्ध सिलिकॉन वीज फारशी वाहून नेत नाही. त्यात फॉस्फरसचा एखादा अणू मिसळला, तर त्याचे पाच. चार बांधले जातात, पाचवा मोकळा हिंडतो. हा 'एन' प्रकार. बोरॉनचा अणू मिसळला, तर त्याचे तीनच. एक जागा रिकामी राहते. पंगतीत एक पाट रिकामा असावा, शेजारच्याने त्यावर सरकावे, मग त्याच्या शेजारच्याने, तसे हे होते. माणसे डावीकडे सरकतात, रिकामा पाट उजवीकडे सरकल्यासारखा दिसतो. ही सरकती रिकामी जागा धन प्रभारासारखी वागते. तिला 'होल' म्हणतात. हा 'पी' प्रकार. दहा लाख अणूंत एखादा परका अणू असला तरी पदार्थाची वाहकता पार पालटते. ब्राउन, बोस आणि पिकार्ड यांचे खडे लहरी का वागत, याचे उत्तर बव्हंशी एवढेच आहे : निसर्गाने कोठे काय मिसळले, हे कोणालाच माहीत नव्हते.

ओल यांचा सिलिकॉन वितळून थिजताना त्यातील बोरॉन आणि फॉस्फरस वेगवेगळ्या भागांत साचले होते. तुकड्याचा एक भाग पी, दुसरा एन, आणि मध्ये सीमा. सीमेजवळचे मोकळे इलेक्ट्रॉन पलीकडच्या होलमध्ये पडतात. मागे एनच्या बाजूस धन आणि पीच्या बाजूस ऋण प्रभाराचे अचल अणू उरतात. या दोन थरांमधील विद्युत्क्षेत्र पुढच्या इलेक्ट्रॉनांना अडवते. जणू एक बांधच उभा राहतो. बॅटरीचे धन टोक पीला व ऋण टोक एनला जोडले तर बांध खचतो. सिलिकॉनमध्ये सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्टनंतर वीज जोराने वाहू लागते. टोके उलटी जोडली तर बांध आणखी उंच होतो. डायोडचा एकमार्गीपणा तो हाच. आणि प्रकाशाने सीमेजवळ नवे इलेक्ट्रॉन व होल सुटे केले, तर तेच क्षेत्र त्यांना दोन बाजूंना लोटते आणि वीज मिळते. घराच्या छतावरील सौर पटल ओल यांच्या त्याच तुकड्याचे वंशज आहे. पी आणि एन ही नावेही ओल आणि त्यांचे सहकारी जॅक स्कॅफ यांचीच.

डायोड वीज गाळतो. क्षीण संकेत बलवान करू शकत नाही. अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीला मात्र बळ देणारा भाग हवा होता, कारण व्हॉल्व्ह तापत, वीज खात आणि जळून जात. युद्ध संपताच विल्यम शॉक्ली यांच्या हाताखाली बेल लॅबोरेटरीजमध्ये एक गट कामाला लागला. शॉक्लींची कल्पना अशी : अर्धवाहकाच्या पातळ थराशेजारी धातूची पट्टी धरावी, तिच्यावर विजेचा दाब द्यावा, म्हणजे थरातील इलेक्ट्रॉनांची संख्या घटेल-वाढेल. प्रयोगात काहीच घडले नाही. जॉन बार्डीन यांनी १९४६ मध्ये कारण सुचवले : पृष्ठभागावर अडकलेले इलेक्ट्रॉन ढालीसारखे काम करतात आणि बाहेरचा परिणाम आत पोचू देत नाहीत.

ही ढाल भेदता भेदता बार्डीन आणि ब्रॅटन भलत्याच दाराशी आले. ब्रॅटन यांनी प्लास्टिकच्या त्रिकोणी तुकड्याच्या कडेवर सोन्याचा वर्ख चिकटवला आणि टोकाशी तो पात्याने चिरला. दोन स्पर्श मिळाले, मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढ्या अंतरावर. स्प्रिंगच्या दाबाने हे टोक एन प्रकारच्या जर्मेनियमवर टेकवले. १६ डिसेंबर १९४७ रोजी त्यातून वाढीव संकेत निघाला. एक स्पर्श जर्मेनियममध्ये होल सोडत होता, ते शेजारच्या स्पर्शाकडे ओढले जात होते. पहिल्याकडील लहान बदल दुसऱ्याकडील मोठ्या प्रवाहाला वळण लावत होता. २३ डिसेंबरला वरिष्ठांना या भागातून वाढवलेला मानवी आवाज ऐकवण्यात आला.

शॉक्ली आनंदले आणि दुखावलेही. गट त्यांचा, मूळ कल्पना त्यांची, पण शोधाच्या क्षणी हात इतरांचे. त्या इर्षेतून त्यांनी जानेवारी १९४८ मध्ये एकट्याने नवी रचना मांडली आणि काही आठवडे ती बार्डीन व ब्रॅटन यांच्यापासूनही राखून ठेवली. टोचलेल्या तारा नकोत. एका स्फटिकातच एन-पी-एन असे तीन थर असावेत. पहिला थर एमिटर, मधला अत्यंत पातळ बेस, तिसरा कलेक्टर. बेसवर थोडा दाब दिला की एमिटरकडचा बांध खचतो आणि इलेक्ट्रॉन बेसमध्ये शिरतात. बेस इतका पातळ असतो की तेथील होलमध्ये पडण्याआधीच बहुतेक इलेक्ट्रॉन पलीकडे पोचतात आणि कलेक्टर त्यांना ओढून घेतो. बेसमधून जाणारा अल्प प्रवाह अशा रीतीने मोठ्या प्रवाहाचा चालक होतो. जास्तीची शक्ती बॅटरीची. ट्रान्झिस्टर केवळ पाटाच्या दारावर बसलेला पाटकरी. १९५१ मध्ये हा थरांचा ट्रान्झिस्टर जाहीर झाला आणि टोचणीचा ट्रान्झिस्टर लवकरच मागे पडला. शॉक्लींचा स्वभाव कसाही असो, खरा टिकाऊ आराखडा त्यांचाच होता, हे मान्य करावे लागते.

३० जून १९४८ रोजी न्यूयॉर्कमध्ये शोध जाहीर झाला, तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो ४६ व्या पानावर, रेडिओ कार्यक्रमांच्या वार्तांसोबत छापला. प्रसिद्धीच्या छायाचित्रात सूक्ष्मदर्शकाशी बसले आहेत शॉक्ली. मागे उभे आहेत बार्डीन आणि ज्यांचे ते उपकरण होते ते ब्रॅटन. ब्रॅटन यांना ते छायाचित्र कधीच आवडले नाही. १९५६ चे नोबेल तिघांना मिळून मिळाले.

आता पेटंट. शॉक्लींना आपल्या मूळ कल्पनेवर हक्क सांगायचा होता. कंपनीच्या वकिलांनी जुने दप्तर चाळले आणि त्यांना ज्युलियस लिलियनफेल्ड हे नाव सापडले. या भौतिकशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये कॅनडात आणि १९२६ मध्ये अमेरिकेत जवळजवळ त्याच कल्पनेसाठी अर्ज केला होता; अमेरिकी पेटंट १९३० मध्ये मंजूरही झाले होते. परिणामी बेलने टोचणीच्या ट्रान्झिस्टरचा अर्ज फक्त बार्डीन आणि ब्रॅटन यांच्या नावे केला. इतकेच नव्हे, त्याच १९४८ मध्ये पॅरिसजवळ हर्बर्ट माटारे आणि हाइनरिख वेल्कर यांनी स्वतंत्रपणे अशीच वस्तू बनवली होती.

मग बोसांचे काय? खुद्द ब्रॅटन यांनी जेराल्ड पिअरसन यांच्यासह १९५५ मध्ये अर्धवाहक संशोधनाचा इतिहास लिहिला, आणि रेडिओ लहरी ओळखण्यासाठी अर्धवाहक स्फटिक प्रथम वापरल्याचे श्रेय त्यात बोसांना दिले. हे श्रेय मोठे आहे आणि ते प्रतिपक्षाने नव्हे, जाणकाराने दिलेले आहे. त्यापुढे जाऊन बोसांना ट्रान्झिस्टरचे जनक म्हणणाऱ्यांनी मात्र दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात : त्यांचा गॅलेना लहर ओळखत होता, वाढवत नव्हता; आणि पी-एन सीमेचे ज्ञान १९०४ मध्ये जगात कोणाजवळच नव्हते.

शॉक्लींच्या फसलेल्या प्रयोगालाही पुढे उत्तर मिळाले. बेलमधीलच मोहम्मद अटाला आणि डॉन कांग यांनी सिलिकॉनवर त्याच्याच ऑक्साइडचा काचेसारखा थर वाढवला. त्याने पृष्ठभागावरील अडकलेल्या इलेक्ट्रॉनांची ढाल निकामी झाली. वरच्या धातूपट्टीला दाब दिला की खाली इलेक्ट्रॉनांची वाट तयार होई, दाब काढला की मिटे. १९६० मध्ये हा ट्रान्झिस्टर जगापुढे आला. हा धागा ज्या फोनवर वाचला जात आहे, त्याच्या चिपमध्ये त्याच जातीचे अब्जावधी ट्रान्झिस्टर आहेत. त्याची मूळ कल्पना लिलियनफेल्ड यांच्या अर्जात १९२५ मध्येच कागदावर होती. ते १९६३ पर्यंत हयात होते.