पाहिले तसे लिहिले : रुग्णांच्या नोंदींची गोष्ट

व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने ते लिहून घेतले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सांगताना मध्ये थांबायचे नाही, ही लेखनिकाची अट. आणि अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही, ही व्यासांची. ग्रंथासाठी ती अट योग्यच होती. पण एका प्रकारच्या लिखाणात नेमके उलटे करावे लागते. अर्थ लागो न लागो, दिसले ते दिसले तसे आणि ऐकले ते ऐकले तसे लिहून ठेवावे लागते. रुग्णालयातील नोंद ही त्यातली. नर्सिंगचा डिप्लोमा करून शासकीय सेवेत लागल्यापासून या नोंदींशी माझा रोजचा संबंध आहे. म्हणून यंदा स्मरणिकेसाठी त्यांचाच इतिहास थोडक्यात मांडतो.

आपल्याकडे चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. प्रत्येकाचे चार-चार गुणही दिले आहेत. रोग्याच्या अंगी स्मृती असावी, त्याने वैद्याचे ऐकावे, तो भित्रा नसावा, आणि चौथा गुण म्हणजे ज्ञापकत्व. आपल्याला काय होते आहे ते त्याला सांगता यावे. पण ज्याची स्मृतीच गेली आणि ज्याला सांगताही येत नाही, त्या रोग्याचे काय? हे चार पायांचे आसन उभे राहायचे, तर त्या वेळी परिचारकालाच त्याची स्मृती आणि त्याची वाणी व्हावे लागते. या लेखाचा सगळा विषय एवढाच आहे.

आधुनिक काळात हे काम पद्धतशीरपणे मांडले फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. 1854 मध्ये क्रिमियन युद्धातील जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी त्या तुर्कस्तानात गेल्या. हातात दिवा घेतलेले त्यांचे चित्र सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांच्या हातातील लेखणीही तेवढीच महत्त्वाची होती. 1858 मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना पहिली महिला सदस्य म्हणून निवडले. पुढे ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात त्यांनी रुग्णाच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यांचा एक मुद्दा आजही वॉर्डात रोज आठवावा असा आहे. ‘रात्र चांगली गेली ना?’ असे विचारू नये. अशा प्रश्नात उत्तर आधीच दडलेले असते, आणि चांगली रात्र म्हणजे काय हे प्रत्येकाचे वेगळे असते. किती तास झोप लागली, किती वाजता जाग आली, हे विचारावे.

नोंदींचा दुसरा टप्पा जर्मनीतला. एमिल क्रेपेलिन हे मनोविकारतज्ज्ञ 1891 मध्ये हायडेलबर्गला आले. प्रत्येक रुग्णासाठी एक कार्ड करायचे, त्यावर लक्षणे आणि पुढे काय झाले ते टिपायचे, आणि मग शेकडो कार्डांचे गठ्ठे लावून पाहायचे, अशी त्यांची रीत. एका दिवशी सारखे दिसणारे दोन रुग्ण पाच वर्षांनी कुठे पोहोचले, हे या गठ्ठ्यांतून दिसू लागले. आज ज्यांना आपण स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर म्हणतो, त्या दोन आजारांमधली ढोबळ सीमारेषा त्यांनी 1899 च्या आपल्या पाठ्यपुस्तकात आखली ती यातूनच. पण कार्डाला एक मर्यादा असते. रकाने आधी ठरले की डोळे तेवढेच शोधतात, आणि रुग्णाचे स्वतःचे शब्द बाहेरच राहतात.

ते शब्द जपले क्रेपेलिन यांच्याच पुढील काळातील सहकाऱ्याने, अलॉइस अल्झायमर यांनी. नोव्हेंबर 1901 मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची 51 वर्षांची स्त्री दाखल झाली. अल्झायमर तिच्याजवळ बसत, प्रश्न विचारत आणि प्रश्न-उत्तर दोन्ही जसेच्या तसे लिहून घेत. नाव काय? ऑगस्ट. आडनाव? ऑगस्ट. नवऱ्याचे नाव? तरीही ऑगस्ट. ती फुलकोबी आणि मांस खात होती. काय खाते आहेस म्हटल्यावर म्हणाली, पालक. वस्तू दाखवल्या की नाव बरोबर सांगे, पण थोड्या वेळाने काय दाखवले होते ते आठवत नसे. सही करायला सांगितली तर ‘श्रीमती’ एवढेच लिहून पुढे हात थांबला. आपणच हरवलो आहोत, अशा अर्थाचे ती बोलली, तेही त्यांनी टिपले. याचा अर्थ काय, हे त्या दिवशी त्यांनाही ठाऊक नव्हते.

ती एप्रिल 1906 मध्ये वारली. अल्झायमर तोवर म्युनिकला क्रेपेलिन यांच्याकडे गेले होते. त्यांनी तिचा मेंदू आणि कागदपत्रे मागवून घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगेनच्या सभेत हे प्रकरण मांडले. सभेत कोणी प्रश्नसुद्धा विचारला नाही. 1910 मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. ती मूळ फाइल मात्र पुढे बेपत्ता झाली. फ्रँकफर्टच्या दप्तरात ती सापडली 1995 मध्ये. नव्वदहून अधिक वर्षांनी ती उघडली तेव्हा ऑगस्टबाई आपल्या शब्दांत बोलत होत्या.

इथे आपल्या इतिहासकारांची आठवण येते. वि. का. राजवाडे यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर भर दिला. मागाहून आठवून, सजवून लिहितात ती बखर. त्याच दिवशी लिहितात ती रोजकीर्द. ड्युटी संपताना घाईघाईने ‘रुग्ण आक्रमक, त्रास देतो’ असे लिहिले तर ती बखर झाली. ‘4 वाजता ताट ढकलले, त्याआधी दोघांनी धरून कपडे बदलले होते, एकटे सोडल्यावर दहा मिनिटांत शांत’ ही रोजकीर्द. आधी काय घडले, मग रुग्णाने काय केले, नंतर काय झाले, असे तीन रकाने आठवडाभर भरले की पुष्कळदा कारण आपोआप वर येते. कधी ते दुखणे असते, कधी बद्धकोष्ठ, कधी संध्याकाळचा गोंगाट.

1990 च्या दशकात इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या टॉम किटवूड यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. निरीक्षकाने दिवाणखान्यात काही तास बसायचे, आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येक रुग्ण काय करतो आहे आणि सुखात आहे की दुःखात, ते संकेताक्षराने आणि अंकाने टिपायचे. शिवाय कर्मचारी त्याच्याशी कसे वागले, हेही लिहायचे. रुग्णाला न सांगता खुर्ची ओढली, त्याच्यादेखत त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलले, हे सगळे नोंदीत येऊ लागले. म्हणजे वहीत केवळ रोगी नाही, आपणही आहोत, हे त्यांनी दाखवून दिले.

आता आपल्या घरांपाशी येतो. पिढ्यान्पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्या कुटुंबांत एक गोष्ट वेगळी आहे. विस्मरणाच्या आजारात मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी सुटते आणि लहानपणची मागे उरते. चाळीस वर्षे बाजारात अस्खलित हिंदी बोललेल्या आजी अखेरीस फक्त मराठी बोलतात. वॉर्डातल्या मुलीला ती कळत नाही आणि ती लिहिते, ‘असंबद्ध बडबड’. आजी म्हणत असतात, ‘सोवळ्याचं कुठे ठेवलंय?’ किंवा ‘पाठीत कळ येतेय गं.’ यात त्या मुलीचा दोष नाही. पण नोंद चुकली की औषधही चुकू शकते, आणि दुखण्याऐवजी झोपेची गोळी मिळते.

म्हणून घरच्यांना विनंती. घरी वही ठेवा. तारीख, वेळ आणि दिसले तेच लिहा, मत शेवटी. रुग्णालयात नेताना एक कागद सोबत द्या : घरी त्यांना काय म्हणतात, कोणती भाषा कळते, दुखले की कोणता शब्द वापरतात, काय केले की शांत होतात. मनोरुग्णांना आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क 2017 च्या कायद्याने दिलेला आहे, तोही माहीत असू द्या. आणि भेटीला गेलात की पाच मिनिटे फोन बाजूला ठेवून नुसते त्यांच्याकडे पाहा. ते जे बोलतील, ते त्यांच्याच शब्दांत मराठीत लिहून ठेवा आणि खाली हिंदीत अर्थ द्या. रात्रपाळीला येणारा त्याचा नक्की उपयोग करील.